डांगराच्या फुलाला बांधलेलं फडकं

एसटी सुटायला आली तरी थोरल्या जाऊबाई खिडकीतून माझ्या हातात काहीतरी कोंबत होत्या. आम्ही त्यांना अक्का म्हणतो. उघडून बघते तर चिंधीत डांगराच्या बिया. डांगर म्हणजे लाल भोपळा हो. म्हणाल्या, "लेकाकडं सगळं मिळंल, ही चव नाही मिळायची." मालक गेल्यावर मी कराडकडचं घर सोडून ऐरोलीला मुलाकडे निघाले होते, त्याला आता पाच वर्षं झाली.

मधल्या काळात गावी पुतण्यानं घरामागच्या परड्यात पेव्हर ब्लॉक बसवले. अक्कांचा वेल गेला, बीही गेलं. फोनवर त्या एवढंच म्हणाल्या, "तुझ्याकडं असंल ते जप." माझ्याकडे चार बिया उरल्या होत्या. आधीच्या वर्षी लावलेल्यांना नुसती पानं आणि पोकळ, म्हणजे फळ न धरणारी नर फुलं आली होती. या माघात चारही लावल्या, एकच उगवली. तेव्हापासून माझ्या जिवाला चैन नाही.

चैत्रात वेल बाल्कनीच्या ग्रिलवर चढला आणि खाली लिंबाएवढं डांगर घेऊन येणारी कळी पहिल्यांदा दिसली. फळ धरायला मधमाशी लागते; गावी ती कधी शोधावी लागली नाही, सकाळी परडं नुसतं घुमायचं. इथे चौथ्या मजल्यावर मी सहा वाजता स्टूल टाकून बसायची. एक काळा भुंगा यायचा, फुलोरी माश्या, म्हणजे बारक्या मधमाश्या यायच्या, आणि एक पट्ट्यापट्ट्यांची माशी हवेत एका जागी थरथरत उभी राहायची. सून म्हणाली, "आई, तुमच्यासाठी सीसीटीव्ही लावू का?"

पहिलं डांगर पिवळं पडून गळालं. चार दिवसांनी दुसरं गळालं. माझ्या डोक्यात एकच, सोसायटीचा डासांचा धूर. तरातरा खाली गेले आणि सेक्रेटरीला म्हटलं, "तुमच्या औषधानं माझ्या माश्या मेल्या."

"काकू, धूर अजून मारलाच नाही. मंगळवारी आहे."

मी तशीच वर आले. आता मंगळवारचं वेगळं टेन्शन.

तळमजल्यावर सुगंधाबाई राहतात, मूळच्या इथल्याच तळवली गावच्या. भाताची शेती केलेली बाई. त्यांना वर बोलावलं. वेलाकडे बघून त्यांनी कमरेवर हात ठेवले.

"ताई, ह्या फडका कसला?"

म्हटलं, कोवळ्या फळाला कुणी बोट दाखवलं की ते गळतं. गावी आम्ही बोट दुमडून दाखवतो, इथल्या लोकांना ते माहीत नाही. समोरच्या बिल्डिंगमधूनही दाखवतील. म्हणून कळी दिसली की लगेच फुलासकट मलमलचं फडकं बांधून टाकते.

"अवो, मग माशी कुठून शिरल? दाराला कुलूप लावलाव नि पावन्याची वाट बघताव." आणि पोट धरून हसल्या. मला मात्र रडू येत होतं. दोन डांगरं मी माझ्या हातानं घालवली होती.

वेलावर शेवटची एकच कळी होती. रविवारी पहाटे फडकं सोडलं. फूल उमललं, मी स्टूल ओढून बसले. साडेसहाला फुलोरी माशी आधी पोकळ फुलात लोळली, अंगभर पिवळी होऊन बाहेर आली आणि मग या फुलात शिरली. तरी माझा विश्वास बसेना. सुगंधाबाईंनी सांगितल्याप्रमाणे पोकळ फूल तोडून त्याचा परागाचा दांडा मीही आत फिरवला.

सेक्रेटरीची माफी मागून आले, तेव्हाच धूर संध्याकाळी, फुलं मिटल्यावर मारा म्हणून विनवलं. हो म्हणाला. तरी मंगळवारी मी बाल्कनीला ओली चादर लावून उभी होते. डांगर आता पेरूएवढं आहे, हिरवं आहे. धरलंय असं सुगंधाबाई म्हणतात. मी रोज बोट दुमडूनच बघते.

काल अक्कांचा फोन आला, गावच्या यात्रेला कधी येतेस म्हणून. पाच वर्षांत एक यात्रा चुकवली नाही मी. आठवडाभर आधी पिशवी भरून बसायची. काल तोंडातून निघून गेलं, "डांगर धरलंय, या वर्षी घर सोडून कसं येऊ, अक्का?"

ऐरोलीला घर म्हटलं मी, पहिल्यांदाच. अक्का म्हणाल्या, "बरं. मी येते बघायला."