परवान्यासाठी उजळलेला चेहरा

धुळ्याच्या सेवा केंद्रात माझ्या पुढे एक फोटोग्राफर होता. नव्या स्टुडिओसाठी दुकानाचा परवाना आणि जीएसटी नंबर काढायला आलेला. कंटाळून मी त्याच्याकडेच बघत बसलो. शेजारच्या अनोळखी आबांची टोपी त्याने सवयीने सरळ केली.

कॉम्प्युटरवरची मुलगी म्हणाली, “भाऊ, तुमचा फोटो परत आलाय. आधारवरच्या चेहऱ्याशी जुळत नाही.”

“लग्नाच्या अल्बममध्ये करतो ना ताई, तसा जरा उजळ केला.”

तिने त्याला भिंतीपाशी उभं करून मोबाइलवर साधा फोटो काढला. तो बघताना त्याचं बोट उजळ करायला स्क्रीनवर गेलं आणि थांबलं.

“मी असा शे?” आपण खरंच असे आहोत का, हे त्याने अहिराणीत विचारलं.

“शे ना,” आबा फोटोकडे बोट दाखवत म्हणाले, “परवाना यालेच भेटी.”