धारवाल्या भाऊजींची कविता

माझे धाकटे दीर धार लावतात. सायकल स्टँडवर उभी करायची, पायडल मारायचं आणि फिरत्या दगडी चाकावर लोकांच्या सुऱ्या-कात्र्या घासायच्या, हे त्यांच्या आज्यापासूनचं. आमचे हे कारखान्यात लागले म्हणून आम्ही एका जागी टिकलो. भाऊजी गल्लोगल्ली फिरत राहिले.

ते कविता करतात हे आम्हाला फार उशिरा कळलं. धारेची आरोळी देताना ते मध्येच काहीबाही जोडायचे. आम्हाला वाटायचं, गिऱ्हाइकाला बोलावताहेत.

त्यांची मुलगी वाचनालयात कामाला आहे. तिथे ज्याने त्याने आपल्या मूळ घराण्याविषयी कविता म्हणायची, असा कार्यक्रम ठरला. भाऊजींनी परस्पर जाऊन नाव दिलं. पोरीला ते नको होतं. वडिलांचं काम तिने तिथे कुणाला सांगितलंच नव्हतं. कुणी विचारलं तर सायकलचा धंदा आहे म्हणायची. अगदीच खोटं नाही ते.

काकू, तुम्हीच समजवा, म्हणत ती माझ्याकडे आली. मी समजवायला गेले, तर भाऊजी म्हणाले, "वहिनी, आपल्या माणसांना ना गाव, ना शेत. आज्याचा फोटोसुद्धा नाही. एकदा चार लोकांत त्यांचं नाव निघू दे."

शेवटी पोरीने त्यांच्याकडून एवढंच कबूल करून घेतलं, की हळू म्हणायचं, चारचौघांसारखं.

कार्यक्रमाला भाऊजी इस्त्रीचा शर्ट घालून उभे राहिले आणि त्यांना पहिली ओळच आठवेना. जन्मभर ओरडून म्हटलेलं ते, हळू आवाजात कुठून सुचणार? लोक खुर्च्यांवर चुळबुळायला लागले. पोरगी दाराशी मान खाली घालून उभी. मग भाऊजींनी एक हात कानावर ठेवला, तोंड उघड्या खिडकीकडे केलं आणि ठेवणीतली आरोळी ठोकली.

"धाऽर लावा, कात्री-सुरी!
गाव विचारू नका बाई, गाव चाकाला बांधलं,
आज्यानं जिथं पाय टेकला, तिथंच बापानं रांधलं..."

पुढचं भराभर येत गेलं. तेवढ्यात समोरच्या इमारतीतल्या तीन-चार बायका हातात सुऱ्या घेऊन वाचनालयाच्या दारात हजर. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ घाबरून उभेच राहिले.

"धारवाला आत आहे ना गं?" एकीने पोरीला विचारलं. सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. पोरीने मान वर केली.

"आहे," ती म्हणाली. "माझे वडील आहेत ते. त्यांची कविता होऊ दे, मग लावतील."

आणि तिने एकेक सुरी मागून घेऊन टेबलावर मांडली. पाती आत, मुठी बाहेर, बापाने लहानपणी शिकवलं होतं तशी.

कविता बरी होती की नाही, ते जाणत्यांनी ठरवावं. माझी कात्री मात्र त्याच संध्याकाळी धारेला लागली. पिशवीत टाकूनच नेली होती मी. म्हटलं, जातोच आहोत तर.