गरवायला निघालेल्या माणसाला विचारू नये

सासूबाई गेल्या, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात माझे सासरे आमच्याकडे दुबईत, अल कुसैसला आले. त्यांना आम्ही सगळे बाबा म्हणायचो. गावी खाडीकाठच्या घरात ते एकटेच होते. एकदा परसात चक्कर येऊन पडले आणि दूधवाला येईपर्यंत तसेच पडून राहिले. ते कळल्यावर नवऱ्याने हट्टाने व्हिजिट व्हिसा काढला. बाबांनी फक्त ‘राहतो’ म्हणायचं, की कायमच्या राहण्याचे कागद टाकायचे, असं ठरलं होतं. पण ते हो म्हणेनात आणि नाहीही म्हणेनात.

नवरा आठवडाभर अबुधाबीच्या साईटवर असायचा. गुरुवारी संध्याकाळी यायचा आणि शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, मेल्यासारखा झोपायचा. माझं देऱ्यातलं ऑफिस, दोन्ही वेळचा ट्रॅफिक, लेकीचे डबे आणि आता बाबांचं पथ्याचं जेवण. खरं सांगते, ते राहावेत की जावेत, याचं मला काही वाटेनासं झालं होतं. हे प्रकरण कसंही करून मिटावं, एवढंच वाटायचं.

बाबांनी तोंड उघडून एकच गोष्ट मागितली. त्यांना गरवायला, म्हणजे गळ टाकून मासे धरायला, जायचं होतं. गळ-दोरी त्यांनी गावाहूनच आणली होती, लाकडाच्या तुकड्याला गुंडाळून, धोतरांच्या घडीत. ममझरच्या लगूनच्या तोंडाशी खडकांचा बांध आहे, तिथे पाणी खोल आहे, हे त्यांनी गाडीतूनच हेरून ठेवलं होतं. म्हणाले, “थंडीचा मासा वर येत नाही गो. आपल्याला खाली जावं लागतं त्याच्याकडे.”

माझा झोपेचा दिवस गेला. पण मनात म्हटलं, हात पाण्याला लागला की जीव रमेल, आणि जीव रमला की राहतील.

पहिल्याच शुक्रवारी लिफ्टपाशी माशी शिंकली. वरच्या मजल्यावरच्या पंजाबी बाईंनी प्रेमाने विचारलं, “बाबूजी, सुबह सुबह कहाँ चले?” बाबांनी मान हलवली आणि आल्या पावली घरात जाऊन बसले. गरवायला निघालेल्या माणसाला कुठे चाललात म्हणून विचारू नये, विचारलं की तो दिवस फुकट. हे मलाही माहेरापासून ठाऊक होतं, पण चौथ्या मजल्यावर ते कोण पाळतो! पुढच्या खेपेला मी त्यांना जिन्याने उतरवलं. खाली वॉचमन उभाच. “बाबा, किदर?” झालं, पुन्हा चार मजले वर. या देशात प्रत्येक माणूस कुठून तरी आलेला आणि कुठे तरी चाललेला. ते विचारणं हीच इथली माणुसकी, आणि नेमकं तेच आम्हाला नडत होतं.

मग मी वॉचमनला गाठून समजावलं की बाबांना शुक्रवारी काही म्हणजे काही विचारायचं नाही. भला मल्याळी माणूस, त्याने ते फारच मनावर घेतलं. पुढच्या शुक्रवारी आम्हाला बघून धावत आला आणि छातीवर हात ठेवून म्हणाला, “मॅडम, आज मैं नहीं पूछेगा किदर जाता!”

ये रे माझ्या मागल्या. मला हसावं की रडावं कळेना. जिन्यातच बसून घेतलं. वर गेल्यावर लेकीने टीव्हीवरची नजर न काढता विचारलं, “आजोबा, नो फिश अगेन?”

शेवटी मला जुम्म्याची नमाज सुचली. दुपारी वॉचमन मशिदीत, अर्धी बिल्डिंग मशिदीत आणि उरलेली अर्धी झोपलेली. आम्ही चोरांसारखे बाहेर पडलो. वाटेत मी स्वतःसुद्धा अवाक्षर काढलं नाही.

बांधावर गार वारा होता. बाबांनी आमिष म्हणून माकुलाचा तुकडा गळाला लावला, दोरीला बांधलेलं शिसं खाली सोडलं, आणि दोरी कितीतरी वेळ खाली जातच राहिली. मग ती बोटावर घेऊन ते बसले. मी खडकाला टेकून डुलक्या घेत होते. एवढ्यात ते ओरडले, “धर गो, धर!” मासा खडकाच्या कपारीकडे ओढत होता आणि एकट्या बाबांना दोरी आवरत नव्हती. मी ओढणीचं टोक तळव्याला गुंडाळून दोरी धरली, तरी ती कातडीत रुतली. किती वेळ ओढलं देव जाणे. मी रडकुंडीला आले होते. वर आला तो चांगला हातभर गोबरा, ज्याला इथे हमूर म्हणतात. बाबा लहान मुलासारखे हसले. सासूबाई गेल्यापासून ते हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि तेव्हा मला कळलं की ते राहावेत असं मला वाटतंय.

घरी त्यांनी मासा स्वतः साफ केला. मी कोकमाचं कालवण केलं. जेवताना नवऱ्याने माझ्याकडे सूचक पाहिलं, म्हणजे राहण्याचा विषय काढायला हरकत नाही. मीही मान हलवली. माशाचं डोकं, म्हणजे मानाचा वाटा, मी बाबांच्या ताटात वाढलं होतं, ते त्यांनी उचलून माझ्या ताटात ठेवलं. मग मुलाला म्हणाले, “आता माझं तिकीट बघ.”

“बाबा, अहो, आता तर कुठे तुम्ही रमायला लागलात!” नवरा म्हणाला.

“इतके दिवस हिच्या हातचं बसून खाल्लं. तिला एकदा तरी काही आणून घातल्याशिवाय उठायचं कसं, म्हणून खोळंबलो होतो. आता झालं.”

“आणि तिथे पुन्हा पडलात तर?”

“आपल्या परसात पडेन.”

नवरा पुढे बोलतच राहिला, समजावून, मग चिडून. बाबा शांतपणे भात कालवत होते. म्हणजे दर शुक्रवारी ज्यांच्या नावाने मी बोटं मोडली, ती पंजाबीण आणि तो वॉचमन त्यांना आमच्याकडे थांबवून ठेवत होते, आणि त्यांना घालवणारा मासा मी माझ्या हातांनी ओढून काढला होता.

“जेव गो,” बाबा म्हणाले. “गार होतंय.”

मी जेवले. तळवा इतका झोंबत होता की घास डाव्या हाताने घ्यावा लागला.