फुटाण्यांची राखण

नांदेडच्या कॉलेजात गणित शिकवणाऱ्या या सरांबरोबर फुटाणे खायला बसू नका, एकही तोंडात पडणार नाही. टीबी आणि एचआयव्ही एकमेकांच्या आधारानं कसे पसरतात, याचं गणित ते मांडतात. कागदावर नंतर, आधी चहाच्या टपरीवर, बाकड्यावर फुटाण्यांचे ढीग घालून. हा निरोगी लोकांचा, हा टीबीचा, हा एचआयव्हीचा, तो दोन्ही असलेल्यांचा, पलीकडे गोळ्या चालू असलेले. मग एकेक दाणा बोटानं इकडून तिकडे सरकत राहतो.

एकदा मी हळूच एक उचलला.

"ठेवा माघारी! माणूस हाय तो."

तोंडापर्यंत आलेला माणूस मी परत ठेवला.

परवा सर गोळ्या अर्ध्यात सोडणाऱ्यांचा नवा ढीग घालत होते. टपरीवाले मामा हसून म्हणाले, "मंग त्यात माझा बी एक टाका. टीबीच्या गोळ्या चालू होत्या. खोकला गेला, दिल्या सोडून."

सरांचं बोट थांबलं.

"स्टो बंद करा मामा. बसा स्कूटरवर."

"अन् गिऱ्हाईक?"

"हे बघतील." मग मला दटावलं, "ढिगांना हात लावू नका."

दुपारपर्यंत मी उपाशीपोटी चिमण्या हाकलत बसलो. दोघं दवाखान्यातून परतले, तेव्हा मामांच्या खिशातून गोळ्यांचं पाकीट डोकावत होतं. सरांनी नव्या ढिगातला एक दाणा उचलून गोळ्यावाल्यांत अलगद ठेवला आणि सगळं बाकडं माझ्याकडे सरकवलं.

"खा आता. तेवढे मामा सोडून."