कॅलेंडरातली मेंढरं

फोन आला तेव्हा मी हसनाबादच्या बाजारात होतो. मेंढरांचे दोन नर विकायला नेले होते, गिऱ्हाइकाशी भाव जुळत नव्हता. पोरगा भानुदास म्हणाला, "आबा, घरी या. जल्दी या." मी विचारलं, "काय झालं?" तर म्हणाला, "आईला बरं न्हाई." मी एकच विचारलं, "बसून हाय का पडून?" तो पुन्हा तेच म्हणाला, "तुमी या." मंग मी समजलो. नर एका ओळखीच्या माणसाच्या हाती दिले आणि टेंभुर्णीकडं जाणारी गाडी धरली. घरी पोचलो तर माझी बायको गिरजाबाई अंगणात सतरंजीवर होती. उजव्या मुठीत लोकर होती. सकाळपासून लोकरीतली कुसळं वेचत बसल्ती, वेचता वेचता एका अंगावर कलली, असं सुनेनं सांगितलं. बाया मूठ सोडवायला लागल्या. मी म्हणालो, राहू द्या. लोकर तिचीच होती, तिच्यासंगं गेली.

त्याला आता दोन महिने होत आले. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, पेपरात लिहिणं माझं काम न्हाई. पण भेटायला माणसं येतात आणि "बाई लई सोशिक होती" म्हणून जातात. ती सोशिक बिलकुल नव्हती. तिच्या नावानं असलं काहीबाही कुणी माझ्या घरात ठेवून जाऊ नये, म्हणून लिहून राह्यलो.

आमचा मेंढरांचा धंदा बापजाद्यांपासूनचा. पिकं निघाली की कळप घेऊन घर सोडायचं, आज या शिवारात तर उद्या त्या, आणि पाऊसकाळ तोंडावर आला की माघारी. गिरजाबाई लग्न होऊन आली ती चालायलाच लागली. घोड्यावर भांडी, कोंबड्या आणि भानुदास, लगाम तिच्या हातात. संध्याकाळी मी मेंढरं घेऊन तळावर आलो की ती आधी माझ्या सदऱ्याची बाही ओढायची आणि नाकाला लावायची. पाणीबिणी मंग. बाहीवरून तिला सगळा दिवस कळायचा. "आज बाभळीखाली चारली वाटतं." "एक मेंढी व्याली ना? कोकरू जगलं का?" एकदा मी कळप भावाच्या हवाली करून दिवसभर एका गावात कुस्त्या बघत बसलो. परत आलो, तिनं बाही धरली आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "आज मेंढरं तुमच्याजवळ नव्हती. कुठं व्हते?" तेव्हापासून मी तिच्यापासून काही लपवायच्या भानगडीत पडलो न्हाई.

टेंभुर्णीच्या एका कापड दुकानदारानं एका वर्षी कॅलेंडर दिलं. त्यातल्या एका पानावर बर्फाचा डोंगर होता, खाली हिरवं कुरण आणि कुरणात मेंढरं. महिना संपला तरी तिनं ते पान उलटू दिलं न्हाई. वर्ष संपल्यावर पान कापून भिंतीला लावलं. मला म्हणाली, "ओ, ह्या मेंढरांला थंडी वाजत न्हाई का?"

मी म्हणालो, "तिथल्या मेंढक्याला इचार."

"इचारन की. जाऊन इचारन."

मी हसलो. ती हसली न्हाई. आमच्यात लोकरीचा पैसा बाईचा असतो, त्यात पुरुषानं हात घालायचा न्हाई. त्या सालापासून लोकरीचा पैसा ती डब्यात टाकायला लागली. शिवाय माझ्याशी भांडून कळपातली एक मेंढी स्वतःकडं मागून घेतली, तिच्या कानात लाल दोरा बांधला. तिची कोकरं विकून येईल तो पैसा परदेशाचा. ती म्हातारी झाली की तिच्या लेकीच्या कानात दोरा. सगळी वस्ती तिला विमानाची मेंढी म्हणायची. शेजारीण चिडवायची, "गिरजे, तुही मेंढी कवा उडणार गं?" ही म्हणायची, "तुह्या म्हशीच्या आधी."

दोऱ्याच्या अशा चार-पाच पिढ्या झाल्या. भानुदास शिकला, जालन्याला लोखंडाच्या कारखान्यात लागला, त्याचं लग्न झालं, नात झाली, ती शाळेत जायला लागली. एका दिवाळीला तो म्हणाला, "आबा, आईचं बरंच जमलंय. राहिलेलं मी टाकतो. यंदाच जाऊ." मी म्हणालो, "पोराच्या पैशावर मी फिरायला जाणार न्हाई. माझी मेंढरं मला नेतील." त्यानं समजावलं, सुनेनं समजावलं. गिरजाबाई चुलीपुढं बसल्ती, तिथूनच म्हणाली, "मेंढरं नेतील हो. पन माझे गुडघे थांबतील का तवर?" मी ऐकलं न्हाई. मला वाटलं, मी मानानं राहून राह्यलो. त्यात सहा वर्षं गेली... हे मला लिहायचंच होतं. बाकीचं कुणीही लिहिलं असतं.

शेवटी पैसे जमले, पूर्ण आमचे. नात शीतल कॉलेजात शिकते. तिनं मोबाईलवर शोधून काढलं की असले डोंगर आणि असली मेंढरं कझाकस्तानात आहेत आणि तिथला खर्चा आपल्याला झेपतो. मंग पासपोर्ट. फोटोवाला म्हणाला, "फेटा काढा." मी दुकानातून उठून आलो. पंधरा दिवस मी हट्टाला पेटलेला. एक दिवस गिरजाबाई म्हणाली, "डोकं दाखवलं म्हंजी ते कापून ठिवून घेतेत का? तुमच्या फेट्यापायी माझ्या लाल दोऱ्याच्या सहा मेंढ्या फुकट जाऊन राह्यल्या." मी फेटा काढला. त्या फोटोत मी कुणीतरी दुसराच माणूस दिसतो. तिनं फोटो हातात घेऊन बराच वेळ बघितला आणि म्हणाली, "टक्कल पडलं की ओ तुमाला. कवा पडलं?"

आम्ही पाच जणं गेलो. गिरजाबाईचे पाय जड झाल्ते, काठी घेऊन चालायची, दर वीस पावलांवर थांबायची. पण विमानात खिडकीची जागा तिनं कुणाला दिली न्हाई. तिसऱ्या दिवशी गाडीवाल्यानं आम्हाला डोंगरात नेलं. एका वळणावर तो डोंगर समोर आला... वर पांढरा, खाली हिरवा. गिरजाबाईनं काच खाली केली. पदर तोंडाला लावून बघत राह्यली. मंग म्हणाली, "डोंगर तोच हाय. मेंढरं कुठं हायेत?" शीतलनं मोबाईलवर त्याची भाषा करून गाडीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, कळप डोंगराच्या धारेच्या पलीकडं असतो, गाडी जात न्हाई, पायी चढावं लागतं. गिरजाबाई उतरली. शीतलच्या खांद्याला धरून थोडं चालली आणि एका दगडावर बसली. आयुष्यभर माझ्यासंगं चाललेली बाई, तिला तेवढी चढण चढता आली न्हाई. सहा वर्षांआधी ती माझ्या पुढं चढली असती. तिनं मला तसं बोलून दाखवलं न्हाई. म्हणाली, "तुमी जा. नीट बघून या. मला समदं इचारायचं हाय."

मी आणि भानुदास चढलो. मला दम लागला, पण थांबलो न्हाई. धारेवर पोचलो तर पलीकडं कुरण रिकामं. कळप हललेला. मी खाली बसून लेंड्या हातात घेऊन चुरून बघितल्या. भुगा झाला, वास उडालेला. चार-पाच दिवस झाले असतील. जवळ तीन दगडांची चूल होती, दगड काळे झालेले... बराबर आपल्यासारखी. मी तिथं उभाच राह्यलो. भानुदास म्हणाला, "आबा, न्हाईत मेंढरं." मी म्हणालो, "आईला सांगू नको."

खाली आलो. म्हणालो, "बघितली." गाडीवाल्यानं सकाळी मोबाईलवर तिकडच्या मेंढरांचे फोटो दाखवले होते, त्याच्या आधारानं बोलत गेलो. म्हणालो, पाचशे तरी असतील, तांबूस रंगाची, शेपटीशी चरबीचं गाठोडं. ती विचारत गेली. "कोकरं हायेत?" हायेत. "मेंढका कसा हाय?" म्हातारा हाय, माझ्याएवढा. "संगं बाई हाय का?" मी म्हणालो, हाय, चुलीपाशी बसल्ती. "मंग थंडीचं इचारलं का न्हाई?" मी म्हणालो, विचारलं, तो म्हणाला लोकर आहे की अंगावर. ती हसली. माझी बाही धरून जवळ ओढली, नाकाला लावली, थोडा वेळ तशीच धरून ठेवली. मंग सोडून म्हणाली, "ब्येस झालं. चला आता."

घरी आल्यावर तिनं वस्तीत सगळ्यांना माझं सांगणं जसंच्या तसं सांगितलं. तांबूस मेंढरं, चुलीपाशी बसलेली बाई, सगळं. मी ऐकून मान हलवायचो. पुढच्या उन्हाळ्याला ती गेली.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी शीतल माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "आबा, एक सांगू? त्या दिवशी हॉटेलात आजीनं मला सांगितलं होतं. म्हणली, तुह्या आज्याच्या अंगाला मेंढराचा वास न्हाई. गेल्ता तसाच आला." मेंढरात जाऊन आलेल्या माणसाचा वास तिच्यापासून लपत न्हाई, हे मला जन्मभर ठाऊक होतं आणि त्या दिवशीच मी विसरलो. मी विचारलं, "मंग ती मला काही बोलली कशी न्हाई?" शीतल म्हणाली, "मीबी तेच विचारलं. तर म्हणली, जन्मात पहिल्यांदा माझ्यासाठी काई रचून सांगितलं त्यानं. आन तो सांगत व्हता तर मला ती बाई दिसली गं, चुलीपाशी."

कॅलेंडरचं पान अजून भिंतीला आहे. लाल दोऱ्याची मेंढी कळपात आहे. परवा ती व्याली. पहिलटकरीण होती, अडली, हात घालून कोकरू ओढून काढावं लागलं. जगलं. बाही कोपरापर्यंत भिजली. घरी आलो आणि उंबऱ्यात थांबलो. सून म्हणाली, "आबा, सदरा काढून द्या, धुवायला टाकते." मी म्हणालो, "थांब जरा." मला कळलं, माझा हात आपोआप पुढं झाल्ता, बाही वर धरून... तसाच उभा राह्यलो. या वेळी वास बराबर होता.