दोन कुलपांचं पिस्तूल

संगमेशचा फोन आला तेव्हा मी नांदेडच्या बसस्थानकावर भोकरच्या गाडीची वाट बघत उभी होते. खांद्याला पत्रकांची पिशवी, दुपारच्या सभेची घाई. "ताई, अप्पा गेले," तो म्हणाला आणि मी तोंड उघडायच्या आत पुढं म्हणाला, "तुझ्याकडली चावी घेऊन ये." बस्स. कधी, कसं, कुठं... काही नाही. फोन ठेवून दिला. मला रडू यायला हवं होतं, पण आधी आला तो संशय. माणूस गेला, त्याला अजून घरी आणलं की नाही तेही कळेना आणि याला चावी हवी? मी भोकरची गाडी सोडली आणि उदगीरच्या गाडीत बसले. वाटभर पर्स मांडीवर घट्ट धरून होते. आत ती पितळी चावी होती, आणि माझं ठरलेलं होतं की ती कुणाच्याही हातात द्यायची नाही.

मन्मथअप्पांची उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, अडत होती. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, आणि नजरेत कायम एक प्रश्न. दुकानामागच्या लांबट गोदामात त्यांनी हवेच्या पिस्तुलाच्या नेमबाजीची रेंज केली होती. एका टोकाला तूर-हरभऱ्याची पोती, दुसऱ्या टोकाला कागदी लक्ष्य. अडतदाराला हे वेड लागलं कसं, तर त्यांच्या वडिलांकडं रोकड नेण्या-आणण्यासाठी परवान्याचं रिव्हॉल्व्हर होतं. अप्पांनी तरुणपणी ते एकदा चालवून बघितलं तर गोळी हमखास डावीकडं जायची. "आमच्या बापाला मरेपर्यंत कळलं न्हाई," ते सांगायचे, "कारण त्यांनी ते कधी चालवलंच न्हाई. नुसतं कमरेला. चोर बी घाबरायचा अन् बाप बी." ते रिव्हॉल्व्हर पुढं त्यांनी पोलिसांत जमा करून टाकलं. पण ते डावीकडं का जात होतं, हा प्रश्न काही जमा झाला नाही.

मी कॉलेजसाठी उदगीरला मावशीकडं राहायला आले, तिचं घर त्याच गल्लीत. आमच्या नांदेडच्या घरात पलंगाखाली, माळ्यावर, पिठाच्या डब्यामागं चळवळीच्या पत्रकांचे गठ्ठे असायचे. मी वाचायला शिकले ते त्यांच्यावर. कुठलीही गोष्ट समोर आली की बाबा पहिला प्रश्न विचारायचे, यात फायदा कुणाचा? तेव्हा एक व्यापारी गल्लीतल्या पोरींना फुकट नेमबाजी शिकवतो म्हटल्यावर मी शिकायला गेले नव्हते, शोध घ्यायला गेले होते. अप्पांनी ते पहिल्याच दिवशी ओळखलं. "बघ अव्वा, बघ," ते म्हणाले. कर्नाटकाची हद्द जवळ, त्यामुळं त्यांच्या बोलण्यात कानडी मिसळलेलं, कुठल्याही पोरीला ते अव्वाच म्हणायचे. "पोत्यांमागं बी बघ. संशय घेणारं माणूस मला आवडतं. फक्त संशय घ्यायची रीत पाहिजे."

ती रीत त्यांच्या तराजूतून आलेली. दुकानात वजनाला विजेचा काटा आला तरी जुना दोन पारड्यांचा तराजू त्यांनी आढ्याला टांगून ठेवला होता. त्यांचं म्हणणं, तराजूवर संशय आला तर भांडत बसू नये, पारडं बदलावं. वजन होतं तिथं माल घाला, माल होता तिथं वजन घाला. तराजू खोटा असेल तर तो आपोआप बोलतो. आणि पारडं बदलूनही तोच हिशेब आला, तर खोट तराजूत नाही, तुमच्या मनात आहे.

दुसऱ्या वर्षी माझे नेम हमखास डावीकडं पडायला लागले. विखुरलेले नाहीत, पाचही छिद्रं एका बत्ताशाखाली झाकावीत इतकी जवळ, पण मधल्या काळ्या गोलाच्या पार डावीकडं. पिस्तूल एकच, ते आम्ही चार-पाच जण वापरायचो. गोदामाची आणि कपाटाची चावी मात्र एकाकडंच, अप्पांचा पुतण्या संगमेश याच्याकडं. पहाटेची थंड वेळ त्याची, आणि पत्रे तापल्यावर दुपारची वेळ आम्हा पोरींची. यावर मी आधीच आवाज उठवला होता. लातूरला जिल्ह्याची निवड चाचणी तोंडावर आलेली, आणि नेमके आताच माझे नेम सरकतात? मी पिस्तुलावरच्या, नेम धरायच्या मागच्या खाचेजवळचा स्क्रू बघितला. त्याच्या डोक्यावर ताजा चरा होता. मी तशीच दुकानात गेले आणि चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "अप्पा, तुमच्या पुतण्यानं पिस्तूल बिघडवलंय."

अप्पांनी हातातली डाळ खाली ठेवली. "बिघडलंय की न्हाई ते आधी बघू. कुणी, ते मागून."

ज्वारीनं अर्धं भरलेलं एक पोतं त्यांनी टेबलावर ठेवलं. त्यात दोन्ही मुठी रुतवल्या, म्हणजे हाताचा दोष आड येऊ नये, आणि पाच नेम मारले. पाचही डावीकडं. मी जवळजवळ ओरडलेच, "बघा!"

"थांब. एक पारडं झालं." त्यांनी संगमेशला हाक मारली. "ये रे साहेब. तू मार. हातानं."

संगमेश आला, त्यानं एका हातानं पिस्तूल उचललं. पाचही नेम मधोमध.

मला काही कळेना, आणि जे कळत नाही त्याच्यावर मी संशय घेते. अप्पा मात्र हसायला लागले. संगमेशचा हात नेम सुटताना उजवीकडं ढकलला जायचा. ती त्याची जुनी खोड. ती मोडण्याऐवजी त्यानं मागची खाच तेवढीच डावीकडं सरकवून घेतली होती. त्याची चूक आणि पिस्तुलाची चूक एकमेकींना खाऊन टाकायच्या आणि नेम बरोबर बसायचा. बाकी कुणीही ते पिस्तूल उचललं की डावीकडं.

"मी माझा नेम बसवला," संगमेश म्हणाला, "दुसऱ्याचा बिघडवला न्हाई."

त्याचं हे वाक्य मी अजून विसरलेले नाही. कारण जगातली निम्मी सत्ता हेच वाक्य बोलत असते आणि प्रामाणिकपणे बोलत असते. ज्याच्या हातात चावी, त्याच्या खोडीला सगळं जुळवून घेतलेलं. मग बाकीचे सगळे आपोआप चुकणारे ठरतात. हे मी तिथंच तावातावानं बोलून दाखवलं. अप्पांनी मान हलवली. "खरं हाय. अन् चावी तुझ्याकडं असती तर?"

"मी असं केलं नसतं."

"त्यानं बी 'मी काही केलं न्हाई' असंच सांगितलंय."

मग त्यांनी पोत्यावर मुठी ठेवून, एक नेम मारायचा, खाच किंचित उजवीकडं सरकवायची, पुन्हा नेम, असं करत पिस्तूल मधोमध आणलं. घरातून सुनेची लाल नेलपॉलिश मागवली आणि स्क्रूच्या डोक्यावरून बाजूच्या लोखंडावर एक बारीक रेघ ओढली. स्क्रू जरासा फिरला तरी रेघ तुटणार. "आता मारा दोघं." संगमेशचे नेम उजवीकडं गेले. माझे अर्धी वाट परत आले... पण डावीकडंच राहिले. म्हणजे चाप ओढताना माझं बोटही पिस्तुलाला डावीकडं खेचत होतं. "आता दोघं बी चुकले," अप्पा हात झटकत म्हणाले, "आता शिकवता येतंय."

लातूरच्या चाचणीत आमची दोघांचीही निवड झाली नाही. संगमेश म्हणाला, अप्पांनी ऐन वेळी स्क्रू फिरवून माझं वाटोळं केलं. मी म्हणाले, अप्पांनी आधीच लक्ष ठेवलं असतं तर माझं वर्ष गेलं नसतं. आणि मी पत्रक काढलं. 'ज्याच्या हाती चावी, त्याचाच नेम सरळ' असा मथळा. अप्पांचं नाव नव्हतं, पण मोंढ्यात कोण ओळखणार नाही? ते मी त्यांच्याच दुकानासमोर वाटलं. त्यांनी उभ्यानं सगळं वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं, आणि उरलेला गठ्ठा माझ्याकडून मागून घेतला. दोन दिवसांनी बघते तर गिऱ्हाइकाला वानगीची तूर द्यायला ते माझ्या पत्रकाच्या पुड्या बांधत होते! मी संतापले. ते पुडीचा दोरा तोडत म्हणाले, "वाटायचंच हाय ना, अव्वा? तू गल्लीत वाटून राहिली. माझी पुडी देवणीपर्यंत जाती."

पण त्याच आठवड्यात त्यांनी कपाटाला दुसरं कुलूप लावलं. भागीदारीतल्या गोदामाला मोंढ्यात अशीच दोन कुलपं असतात. दोघं भागीदार हजर असल्याशिवाय दार उघडत नाही. एक चावी संगमेशकडं, एक माझ्याकडं. स्वतःकडं एकही नाही. आणि रेंज सकाळी एक दिवस पोरांची, एक दिवस पोरींची. पुढची दोन वर्षं मी आणि संगमेश रोज सकाळी त्या कपाटासमोर, एकमेकांकडं न बघता, आपापलं कुलूप उघडत होतो. पिस्तूल बाहेर आलं की आधी दोघंही वाकून लाल रेघ बघायचो. अप्पा पोत्यावर बसून म्हणायचे, "झाली का तुमची पूजा?"

शिक्षण संपवून मी नांदेडला परत आले ती चावी घेऊनच. माझ्या माघारी कुणी स्क्रूला हात लावू नये, हा उद्देश. ते पिस्तूल कपाटात बंदच राहिलं; अप्पांनी पोरींसाठी दुसरं आणलं, पण ती चावी कधी मागितली नाही. मग त्यांना लातूरच्या दवाखान्यात ठेवल्याचं कळलं तेव्हा मी गेले. आवाज बसलेला, विभूती पुसट झालेली. संगमेश औषधं आणायला खाली गेला होता. अप्पांनी मला जवळ बोलावलं.

"चावी हाय ना?"

"हाय, अप्पा."

"संगमेशला देऊ नको. मागितली तरी."

मी विचारलं का, तर त्यांनी डोळे मिटून घेतले. म्हणजे त्यांनाही संशय होता... मी हेच धरून बसले. म्हणून त्या दिवशी फोनवर संगमेशनं चावी मागितली तेव्हा माझ्या अंगाची आग झाली. उदगीरला पोचले. त्यांच्यात, लिंगायतांत, बसवून समाधी देतात. अप्पांना बसवलेलं होतं, कपाळावर ताजी विभूती, जणू आता विचारतील, झाली का पूजा. संगमेशनं चावीचं नावही काढलं नाही. मला त्याचाही संशय आला. गर्दी ओसरायच्या आत मी परतीची गाडी धरली. कपाटाकडं गेले नाही. खरं सांगायचं तर भीती वाटत होती. ती लाल रेघ तुटलेली निघाली असती तर? कपाटाचा पत्रा काय, मागून कधीही उचकटता येतो. तसं निघालं असतं, तर अप्पांनी दोन कुलपं लावून मला नुसतं गप्प बसवलं, असं मला उरलेलं आयुष्य मानावं लागलं असतं.

महिन्याभरानं संगमेशचा पुन्हा फोन आला. पोरींची चाचणी जवळ आली आहे, एक पिस्तूल पुरत नाही. मी गेले. गोदामात हरभऱ्याचा तोच वास. दोघांनी आपापलं कुलूप उघडलं. माझं गंजलं होतं, त्यानं त्यावर तेलाचे थेंब सोडले. पिस्तूल बाहेर काढून आम्ही सवयीनं वाकलो. रेघ अखंड होती. पण मी रेघेवरही विश्वास ठेवणारी नाही; नेलपॉलिश कुणीही लावू शकतं. मी पोतं ओढलं. ज्वारीत अप्पांच्या मुठींचे दोन खळगे तसेच होते, माझ्या मुठींना मोठे होणारे. त्यात हात ठेवले आणि पाच नेम मारले.

पाचही मधोमध.

"झालं समाधान?" संगमेश म्हणाला.

"एक पारडं झालं. तू मार. हातानं."

त्यानं मारले. सगळे उजवीकडं. इतक्या वर्षांत त्याची खोड गेली नव्हती, आणि ती लपवायला त्यानं पिस्तुलाला हातही लावला नव्हता. मी पिस्तूल घेतलं, हातानं मारलं. डावीकडं. तो फिस्सकन हसला. "ताई, सगळ्या जगाला सरळ करायला निघाली, तुझं बोट तेवढं राहिलं की."

मी त्याला सरळच विचारलं, त्या दिवशी अप्पांना घरी आणलं की नाही तेही न सांगता चावी कशी काय सुचली तुला?

तो पोत्याकडं बघत राहिला. "मला कुठली सुचती? अप्पांनीच सांगून ठेवलेलं. म्हणाले, तिला रडत सांगू नको, चावी माग. रागात येईल, पण मिळेल त्या गाडीनं येईल." मग म्हणाला, "अन् मला दवाखान्यात म्हणाले होते, तुझी चावी तिला देऊ नको. मागितली तरी. मी इतके दिवस हेच समजून होतो, की अप्पांना तुझा संशय हाय."

तेच वाक्य, नुसतं पारडं बदललेलं. दवाखान्यात संगमेश औषधं आणायला खाली गेला होता... तसं त्याच्या वेळी मीही कुठंतरी खाली गेले असणार.

ज्वारीत टोके झाले आहेत, किड्यांनी दाणे पोखरलेत, पोतं रिकामं करून नवी भरू, असं संगमेशचं म्हणणं होतं. मी म्हणाले, खळगे जातील. तो म्हणाला, दाणा पोकळ झाला की पोतं बसतं, मग पिस्तूल खोटं दाखवतं. तुला खळगे पाहिजेत का खरा नेम? प्रश्न अप्पांच्या तोंडी शोभला असता, म्हणूनच मला त्याचा राग आला. शेवटी दोघांनी दोन बाजूंनी धरून पोतं ओतलं, नवी ज्वारी भरली, तोंड शिवलं. वर कुणी मुठी ठेवायच्या यावर पुन्हा अडलं. मग एक मूठ त्यानं दाबली, एक मी. पिस्तूल पोरींच्या हातात दिलं, आणि त्यांचं झाल्यावर कपाटात ठेवून आधी त्यानं कुलूप लावलं, मग मी.

माझी चावी माझ्याकडंच आहे. दर महिन्याला उदगीरला जाते.