खारी विहीर

साखरेपायी डॉक्टरांनी रोज तासभर चालायला सांगितलंय. आमच्या शहरात, राजापेठेत चालायचं म्हणजे दुचाक्यांमधून जीव मुठीत धरून. म्हणून मागच्या हिवाळ्यात अकोल्याच्या अलीकडे, बहिणीच्या गावी गेलो तेव्हा बरं वाटलं. रिकामी पांदण, दोन्हीकडे हरभरा, आणि जन्मभर मास्तरकी केलेल्या माणसाला अडवणारं कोणी नाही. तिसऱ्या दिवशी एकानं अडवलंच.

सत्तरीचा म्हातारा, तळहातावर शेंडीचा नारळ आडवा धरून डोळे मिटून चालत होता. माझ्यावर आदळला आणि वर मलाच म्हणाला, "बाजूले व्हा ना! काहून मधात उभे हा?"

पाणाड्या होता. नारळ जिथं हातावर उभा राहील तिथं पाणी, असं आमच्याकडे मानतात. माझा काडीचा विश्वास नाही. मी खोचकपणे म्हणालो, "या भागात कुठंही खणा, पाणी लागतंच. खारं. त्याला नारळ कशाला?"

"गोड पाहून राहिलो," तो म्हणाला. "एक गोड इहीर लागली का मी मराले मोकळा."

मला हसू आलं. पण तो बोलत सोबत चालू लागला आणि माझं हसू जिरलं.

तरुणपणी त्यानं स्वतःच्याच वावरात विहीर दाखवली होती. पहिलं पाणी पाणाड्यानं प्यायचं आणि चव सगळ्यांसमोर सांगायची, ही रीत. पाणी मिठासारखं होतं.

"सारा गाव उभा. मले लाज वाटली. म्या सांगतलं, गोड हाय."

गावानं एकेक घोट घेतला, थुंकला, हसत घरी गेला. त्याच्या बायकोनं मात्र घागर भरली. पुढं गावात नळ आला तरी तिनं तेच पाणी प्यायलं. त्या पाण्यात डाळ शिजत नसे, तरी चूल पेटती ठेवून बसे. कोणी बोललं की म्हणे, माह्या माणसानं गोड सांगतलं. शेवटी किडन्या गेल्या.

"अकोल्याले डायलिसिसले नेत होतो. बसमंदी बी बाटली त्याच इहिरीची."

"मग तुम्ही खरं का नाही सांगितलं तिला?" मी जवळजवळ ओरडलोच.

"आज सांगीन, उद्या सांगीन, करता करता थे गेली."

मला त्याचा संताप आला आणि त्याच्याकडे बघवेनाही. बोलता बोलता आम्ही त्या विहिरीपाशी आलो होतो. त्यानं बादली सोडली, ओढली आणि माझ्या ओंजळीत पाणी ओतलं.

"पाहा बरं. मले आता चव समजत नाही. बदललं असंन काय?"

मी प्यालो. जीभ आखडली, घशात खवखवलं. तो माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होता. नारळाची शेंडी त्यानं मुठीत घट्ट धरली होती. खोटं बोलणाऱ्या पोरांना जन्मभर उभं करणारा मी. घोट गिळला, ओठ पुसले आणि म्हणालो, "गोड आहे."

त्याला आनंद होईल असं मला वाटलं होतं. तो मटकन खाली बसला.

"थे बी असंच म्हने," तो म्हणाला. "तोंड वाकडं न करता."